वहीगायकाच्या मानधन अर्जाला कोणते पुरावे चालतात, आणि चाळिशीच्या आतील साथीदारांचे काय?

बोरीकाठ (पारोळा)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या गावातील एक वहीगायक, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, ते आता पासष्टीला आले आहेत. तरुणपणापासून ते कानबाई या खानदेशी लोकदेवीच्या जागरणात, यात्रेत आणि लग्नघरी डफाच्या तालावर अहिराणीतून वही, म्हणजे वहीत उतरवून ठेवलेली पारंपरिक पदे, गात आले. पोट मात्र सालदारकीवर आणि मजुरीवर भरले. त्यांच्यासाठी मी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेचा अर्ज भरत आहे. वयाची पन्नास वर्षांची अट पूर्ण होते, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत आहे आणि तहसीलदारांचा दाखलाही मिळाला आहे. अडले आहे ते कलाक्षेत्रातील किमान १५ वर्षांच्या कामाच्या पुराव्यावर. आबांना जी बिदागी मिळाली ती नारळ, टोपी आणि हातावर ठेवलेले पैसे याच रूपात. पावती कोणी दिली नाही आणि त्यांनीही कधी मागितली नाही. अशा कलावंतासाठी कोणते कागद जोडावेत?

दुसरे असे की, त्यांच्या मागे साथ करणारे दोघे जण अजून चाळिशीच्या आत आहेत. त्यांना शासनाच्या कोणत्या योजनेचा आधार मिळू शकतो?

तापीतीर (चोपडा)

आमच्या भागातील काही कलावंतांचे अर्ज मी भरून दिले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

केवळ सरपंचांचे एक मोघम पत्र जोडू नये. ज्या ज्या गावांत आबा गायले, तेथील ग्रामपंचायतीकडून किंवा यात्रा समितीकडून स्वतंत्र पत्र घ्यावे आणि त्यात कोणत्या वर्षी, कोणत्या प्रसंगी कार्यक्रम झाला याचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. आबांच्या गायनपक्षाचे नाव छापलेले यात्रेचे जुने पत्रक किंवा मागे तारीख असलेले छायाचित्र कोणाच्या तरी घरी हमखास सापडते. आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर कधी गायले असतील, तर त्या वेळचे करारपत्र शोधाच. त्याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आबांची मूळ वही नीट पाहावी. आमच्याकडच्या एका गायकाच्या वहीत, पाने जीर्ण होऊन कडेने झडू लागली होती तरी, पदांच्या समासात गावाचे नाव, सन आणि मिळालेली बिदागी बारीक अक्षरात टिपलेली होती, आणि तीही दोन वेगवेगळ्या हातांनी. त्या पानांच्या छायाप्रती आम्ही पत्रांसोबत जोडल्या, म्हणजे पत्रातील सन आणि वहीतील सन एकमेकांना दुजोरा देतात.

जिल्ह्यातून वर्षाला जास्तीत जास्त १०० जणांची निवड होते आणि त्यात साहित्यिकांपासून तमाशा कलावंतांपर्यंत सगळेच येतात, तेव्हा अर्ज अपुरा ठेवून चालत नाही. इतर कोणतेही नियमित निवृत्तिवेतन चालू असल्यास अर्ज बाद होतो, हे आधी तपासावे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या व आपल्या खेड्यांतले कलावंत बहुधा शेवटच्या, म्हणजे २,२५० रुपयांच्या श्रेणीतच बसत. २०२४ पासून सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये मिळतात. कलावंताच्या पश्चात मानधन पती किंवा पत्नीला मिळते, म्हणून आजींचे छायाचित्र आणि आधारची माहिती आत्ताच बिनचूक भरावी.

पांझराकाठ (धुळे)

माझे वडील तमाशाच्या फडात ढोलकी वाजवीत असत, त्यामुळे आपला दुसरा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो. १९५४-५५ पासून चालत आलेली ही योजना मुळातच वृद्ध कलावंतांसाठी आहे. तिचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु कलावंताची खरी ओढाताण होते ती हातात कला असतानाच्या वर्षांत. दसऱ्याला फड बाहेर पडतो, वैशाखात यात्रा सरतात आणि पावसाळ्याचे चार महिने घर चालते ते पुढच्या हंगामाच्या उचलीवर. ती उचल फिटेपर्यंत दुसरा हंगाम उभा राहतो. वडील त्या महिन्यांत कपाशीच्या निंदणीला जात, आणि दिवसभर खुरपे धरलेली बोटे रात्री ढोलकीच्या शाईवर पूर्वीसारखी चालत नसत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आयर्लंडने २०२२ मध्ये प्रयोग म्हणून २,००० कलावंतांना, ते काम करीत असतानाच, दर आठवड्याला ३२५ युरो देण्यास सुरुवात केली आणि पात्र अर्जदारांतून निवड सोडतीने केली. तेवढी रक्कम आपल्याला झेपणार नाही हे उघड आहे. तरीही निदान आषाढ ते भाद्रपद या काळात नोंदणीकृत लोककलावंतांना निर्वाहापुरते साहाय्य द्यावे, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे लेखी स्वरूपात का करू नये?

गिरणाथडी (चाळीसगाव)

पांझराकाठ ताईंची मागणी रास्त आहे. पण नोंद कोणाची आणि कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न तेथेही येणारच. म्हणून त्या दोघा साथीदारांनी या हंगामापासूनच प्रत्येक सुपारीची पावती यात्रा समितीकडून घ्यावी आणि शक्य तेथे बिदागी बँक खात्यावर घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो. गावाला यात अवघडल्यासारखे वाटेल, हे खरे. तरीही मागावी.

दरम्यान दोघांची ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्र शासनाकडील नोंदणी, करून घ्यावी. शिवाय १८ ते ४० वयाच्या आणि दरमहा १५,००० रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या असंघटित कामगारांसाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आहे. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये आपण भरायचे, तेवढीच रक्कम केंद्र शासन भरते आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. चाळिशी उलटली की तिचे दार बंद होते, तेव्हा त्या दोघांच्या जन्मतारखा आजच पाहून घ्याव्यात.