मदत हवी आहे: परदेशी फाउंडेशन अनुदान द्यायला तयार, पण आमच्याकडे एफसीआरए नाही

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी फिल्डवरचं काम आणि हिशेब, दोन्ही बघते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, 12ए आणि 80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण (सरकारच्या एनजीओ पोर्टलचा) क्रमांक, दरवर्षीचं ऑडिट, सगळं जागच्या जागी आहे. एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी केंद्र सरकारची नोंदणी) नाही, आणि तिथेच घोडं अडलंय.

आमचं मुख्य काम म्हणजे उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) घेऊन अडकलेल्या कोयत्यांना कायद्याची मदत. (बाहेरच्यांसाठी: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.) गेल्या हंगामात एका जोडप्याने पाच महिने तोडणी केली, तरी मुकादमाच्या वहीत उचल फिटलीच नाही. त्याने त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला ठेवून घेतलं. मुक्तीच्या दाखल्यासाठी (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद) तोडणी झाली त्या जिल्ह्यातल्या प्रांत कचेरीत आम्ही अकरा खेपा घातल्या. आमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक खेपेची तारीख आहे आणि शेजारी त्या माउलीचा अंगठा. एसटीचं भाडं, वकिलाची फी, सुटून आल्यावर पोराचं औषधपाणी, सगळं वर्गणीतून झालं. आता वर्गणी पुरत नाही.

एका परदेशी फाउंडेशनशी पत्रव्यवहार झाला. सक्तीची मजुरी हा त्यांचा विषय. आम्ही टिपणात लिहिलं होतं की आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सक्तीच्या मजुरीविरुद्धचा 29 क्रमांकाचा करार भारताने 1954 सालीच मान्य केलाय, वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 पासून आहे, आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलंय. टिपण त्यांना आवडलं. पुढच्याच मेलमध्ये एफसीआरए क्रमांक मागितला.

पूर्वी अशा वेळी एफसीआरए असलेली मोठी संस्था पैसे घ्यायची आणि आमच्यासारख्यांना पुढे द्यायची. एफसीआरए कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. परदेशी पैसा आता दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. स्वतःची नोंदणी करायची तर तीन वर्षांत मूळ कामावर 15 लाख खर्च झालेला हवा. आम्ही बाराच्या आसपास आहोत.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नोंदणी नसताना एका देणगीदारापुरती सरकारची पूर्वपरवानगी कोणी मिळवली आहे का, आणि फाउंडेशनकडून पत्र नेमकं कसं घ्यायचं? दुसरं म्हणजे, अर्जात 'लाभार्थींचे फोटो व कहाण्या' मागितल्यात. त्या मुलाचा चेहरा द्यायला माझं मन अजिबात होत नाही. पुढच्या हंगामात त्यांना त्याच टापूत तोडणीला जायचंय. 'नाही' म्हटलं तर अर्ज मागे पडतो का?

प्रतिसाद – गोदाकाठ

ताई, आम्ही पूर्वपरवानगी घेतली आहे. फॉर्म एफसी-3बी. देणगीदाराच्या पत्रात रक्कम आणि काम दोन्ही नेमकं लिहिलेलं हवं. 'सहकार्य करू इच्छितो' एवढ्यावर भागत नाही. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागतं. बजेट मांडताना प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवा, पूर्वी 50 चालायचे. विश्वस्तांचे आधार आत्ताच गोळा करून ठेवा, आमचं तिथेच अडलं होतं.

फोटोबद्दल: देऊ नका. 'मुलाच्या सुरक्षेसाठी ओळख देत नाही' असं एक वाक्य स्पष्ट लिहा आणि नाव-गाव झाकून दाखल्याची प्रत जोडा. मानवी हक्कांवर काम करणाऱ्यांना हे कारण समजतं.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांचा आधुनिक गुलामगिरीच्या पीडितांसाठीचा निधी बघा, 1991 पासून आहे. पीडितांना थेट वैद्यकीय, कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांना तो अनुदान देतो. एफसीआरए कायद्याच्या कलम 2 मध्ये 'परदेशी स्रोता'च्या व्याख्येतून संयुक्त राष्ट्रांना वगळलंय. सीएकडून ते लेखी घ्या आणि बँकेत द्या, नाहीतर काउंटरवर अडवतील.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. कलम 2 ची ही बाजू आमच्या सीएंनीही कधी सांगितली नव्हती. सोमवारी प्रिंट घेऊनच जाते. फोटोचं वाक्य आजच लिहिलं. तो मुलगा आता नववीत बसलाय, वस्तीवरून सायकलने शाळेत जातो, एवढं मात्र कहाणीत घालणार आहे.

फक्त एक राहिलं: आमचे दाखले, जबाब, रजिस्टर सगळं मराठीत आहे. प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडावं लागलं का, की सारांश चालला?