वारा असला तरी चापडगावला जाच

वारा सुटला की पक्षी दिसत नाहीत, दुर्बीण हलते, नांदूरमध्यमेश्वरची (नाशिक जिल्ह्यातलं धरणावरचं पक्षी अभयारण्य) फेरी फुकट जाते, असं काहीजण म्हणतात. अर्धंच खरं आहे.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी सातला आम्ही तिथल्याच चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर होतो. टोपी हाताने धरून ठेवावी लागत होती. उघड्या पाण्यावर फक्त वारकरी (काळे, पांढऱ्या चोचीचे, आषाढीचे नव्हेत). बदकं पाणकणसाच्या आडोशाला, आणि एकजात वाऱ्याकडे तोंड करून! मागून वारा लागला तर पिसं विस्कटतात ना. म्हणून वारा पाठीवर घेऊन उभं राहा, थापटे (रुंद चोचीची बदकं) समोरून दिसतात. या दिवसांत नरांना अजून रंग चढलेला नसतो, तेव्हा ती फावड्यासारखी चोच हीच खूण. उडतानाही ती वाऱ्याच्या तोंडावर उठतात, म्हणजे तुमच्याच दिशेने.

मग दलदली भोवत्या (पाणथळीतला शिकारी पक्षी) आला. पंख किंचित वर उचललेले, कणसांच्या शेंड्यांवरून जेमतेम हातभर उंचीवर, वाऱ्यावर जवळजवळ थांबलेला. पाय खाली सोडले, पुन्हा आवरले. तेवढ्यात सगळी बदकं हवेत. अशी संधी शांत सकाळी क्वचितच मिळते.

गोदावरी-कादवेच्या गाळाने हे धरण उथळ झालं, म्हणूनच तर इथे इतके पक्षी. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणूनही जाहीर झालं.

दुर्बीण हलते ही तक्रार मात्र रास्त. तिपाई असेल तर तिला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगा. आणि कानटोपी न्या, मी विसरलो होतो.