जर्मनीत हॉस्टेलच्या किचनमध्ये वडापाव : इथून काय न्यावं?

घोडबंदरकर : बर्लिनच्या हॉस्टेलमध्ये ओळख झालेल्या 6 जणांना आपला ठाण्याचा वडापाव खिलवायचा आहे. किचनमध्ये इंडक्शन, एक खोल भांडं आणि सुरी, बस्स. मिक्सर नाही. इथून काय न्यायचं, तिथे काय घ्यायचं?

कोपरखैरणे_से15 : नेताना फक्त कोरडं न्या: 500 ग्रॅम बेसन, हळद, तिखट, मोहरी, हिंग, सगळं सीलबंद. हिंगाची डबी दोन पिशव्यांत घाला, नाहीतर कपड्यांना वास लागतो. पेढे, तूप, खवा अजिबात नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे पेट घ्यायचा धोका असतो. विमान दुबईमार्गे असेल तर खसखस मुळीच ठेवू नका, तिथे ती बंदी असलेली वस्तू आहे.

नौपाडा_खवय्या : सगळा खेळ बटाट्याचा आहे. पिशवीवर 'मेलिष कोखेंड' लिहिलेला, म्हणजे पिठूळ बटाटा घ्या. 'फेस्ट कोखेंड' चिकट असतो, सारण ओलं राहतं आणि वडा तेलात फुटतो.

12 वड्यांना 1 किलो बटाटे. सालासकट उकडा, सोलून पसरून वाफ पूर्ण जाऊ द्या, मगच कुस्करा. हाताला चिकटत असेल तर अजून थांबा. मिरच्या 3 पुरे, आल्याचा मोठा तुकडा चालेल. 250 ग्रॅम बेसनाला साधारण 1 कप पाणी, थोडं थोडं घालत. पीठ वड्यावर जाडसर बसलं पाहिजे. पिठात 1 मोठा चमचा कडकडीत तेल घाला. पिठाचा थेंब तेलात टाकल्यावर लगेच वर आला की एका वेळी 3 वडे सोडा. जास्त सोडले की तेल थंड होतं आणि वडे तेल पितात.

मिक्सरशिवाय चटणी होते. तिथलं डेसिकेटेड खोबरं 1 वाटी, मंद आचेवर गुलाबी. बारीक चिरलेला लसूण कुरकुरीत होईपर्यंत तळा (मऊ राहिला की चटणीचे गोळे होतात), मग तिखट, मीठ. पावाला तिथले मऊ दुधाचे बन घ्या, कडक सालीचे नकोत.

वाशीकर : आधी अ‍ॅलर्जी विचारा. युरोपच्या 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत मोहरीसुद्धा आहे. बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. वीगन कोणी असेल तर वडा चालेल, दुधाचे बन नाही. तळायच्या आधी रिसेप्शनला विचारून खिडकी उघडा. काही ठिकाणी तळायला मनाई असते. भांड्याचं झाकण हाताशी ठेवा, तेल पेटलं तर पाणी कधीच नाही. उरलेलं तेल गार करून बाटलीत भरा, सिंकमध्ये ओतू नका.