४के मॉनिटर आणि लग्नाचं एडिटिंग: ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेऊ की १६ जीबीचं?

पारोळ्याचा शूटर:
राम राम मंडळी. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो, मधल्या दिवसांत अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ कापतो. गेल्या महिन्यात २७ इंची ४के मॉनिटर घेतला, ६० हर्ट्झचा. पीसी जुनाच आहे: आय५ १२४००एफ, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). मॉनिटर जोडल्यापासून माउससुद्धा मागे मागे राहतो. रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन अडखळते. हळदीच्या रात्रीच्या क्लिपवर नॉइज रिडक्शन (अंधारातले दाणे घालवणं) लावलं की जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, मेमरी भरली म्हणून रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) थांबतो. सगळं मिळून ६० हजारांपर्यंत जाऊ शकतो. दुकानदार ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० सुचवतोय. गेम खेळत नाही. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत मशीन उभं करायचंय.

तापीकाठ:
भाऊ, आधी माउसचं बघू. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या चौपट. पण नुसतं पडद्यावर दाखवायला तुमचं १६५० पुरेसं आहे. केबल कोणती लावली? जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झलाच अडकतं, ६० साठी २.० लागतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघून सांगा. आणि कॅमेरा कोणता, फुटेज कोणत्या फॉरमॅटचं? ते कळल्याशिवाय कार्ड सुचवणार नाही.

पारोळ्याचा शूटर:
३०च होता! घरातली जुनी एचडीएमआय केबल लावली होती. मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्टची लावली, ६० झाला, माउस सरळ चालतोय. कॅमेरा सोनी ए७ फोर. ४के, एच.२६५, १०-बिट, ४:२:२.

तापीकाठ:
मग अडखळण्याचं मूळ तिथेच आहे. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती ४:२:० च्या दुप्पट असते, म्हणून ग्रेडिंगला, म्हणजे रंग सुधारायला, ते फुटेज छान. पण एनव्हीडियाच्या ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांना १०-बिट ४:२:२ चं एच.२६५ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, १६५० ला तर नाहीच. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ही सोय ५० मालिकेत (५०६० त्यातलंच) आली, २०२५ मध्ये. म्हणून कुणी सेकंडहँड ३०६० स्वस्तात देतो म्हणाला तरी तुमच्या कामाला घेऊ नका. त्याची १२ जीबी मेमरी कामाची आहे, पण टाइमलाइन तशीच रडेल.

आता ८ की १६. नॉइज रिडक्शन आजूबाजूच्या फ्रेमही मेमरीत धरतं, त्यात ४के टाइमलाइन. हळदीच्या फुटेजवर ते लावल्याशिवाय तुमचं भागत नाही, त्यामुळे ८ जीबी लवकरच अपुरी पडेल. ५०६० टीआय घ्या, १६ जीबीचं. तेच कार्ड ८ जीबीतही मिळतं, तेव्हा बॉक्सवरचा आकडा स्वतः वाचा. कार्डाचा ड्रायव्हर ‘स्टुडिओ’ नावाचा टाका आणि रिझॉल्व्ह २० वर न्या.

अमळनेर कट:
मला एवढा खर्च पटत नाही. भाऊंच्या प्रोसेसरच्या नावात एफ आहे, म्हणजे आतले ग्राफिक्स नाहीत. तोच आय५ १२४०० एफशिवाय घेतला तर इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा आतला भाग) मिळतं आणि ते हेच ४:२:२ एच.२६५ उलगडतं. बोर्ड तोच चालेल. जुना प्रोसेसर विकून फरकाचेच पैसे जातील. तोवर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवून कापा. मी दोन सीझन प्रॉक्सीवरच काढले, रात्री लावून झोपायचं, सकाळी तयार.

तापीकाठ:
कापायला तुमचा उपाय उत्तम, कमी बजेटवाल्यांना मीही तोच सांगेन. पण भाऊंचा रेंडर मेमरीपायी थांबतोय. प्रोसेसर बदलून कार्डाची ४ जीबी वाढत नाही, आणि शेवटचा रेंडर मूळ फुटेजवरच होतो.

भुसावळ जंक्शन:
मना अनुभव सांगस. कार्डाइतकंच लक्ष एसएमपीएसवर द्या. मी नवं कार्ड जुन्या, नाव नसलेल्या एसएमपीएसवर चढवलं होतं. मे महिना, बाहेर ४५ अंश, खोली वरच्या मजल्यावर. रेंडर चालू असताना मशीन बंद पडलं ते पडलंच. एसएमपीएस गेला आणि सोबत हार्ड डिस्क. तिच्यात एका लग्नाचं फुटेज होतं, दुसरी प्रत नव्हती. मुलीच्या वडिलांना जाऊन सांगावं लागलं. ते रागावले नाहीत, नुसते गप्प बसले. ते अजून आठवतं.

५०६० टीआय १८० वॉटचं आहे आणि कंपनी ६०० वॉटचा एसएमपीएस सांगते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ६५० चा, चांगल्या कंपनीचा, ब्रॉन्झ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) घ्या. कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारे दोन पंखे, मागे एक. भिंतीला चिकटवू नका. जुना यूपीएस नव्या कार्डाचा भार पेलतो का तेही तपासा, रेंडरच्या मधोमध वीज गेली की कळतं. आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करण्याआधी फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर.

पारोळ्याचा शूटर:
भुसावळचे भाऊ, वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडेही एकच प्रत असते. आजच दुसरी डिस्क सांगितली.

रॅम ३२ करू का लगेच?

तापीकाठ:
करायची आहेच, पण आधी कार्ड आणि एसएमपीएस. १६ जीबीची आणखी एक पट्टी सीझननंतर टाकली तरी चालेल. स्लॉट रिकामा आहे का बघून ठेवा. व्यवसाय जीएसटीत नोंदवलेला असेल तर पक्कं बिल घ्या, कार्डावरचा १८ टक्के कर वळता करता येतो.

पारोळ्याचा शूटर:
जीएसटीत नोंद आहे, बिल पक्कंच घेईन. शनिवारी जळगावला गोलाणी मार्केटात जातोय. ५०६० टीआय १६ जीबी आणि ६५० वॉट, दोन्हींचा भाव काढतो. पेनड्राइव्हवर हळदीची एक क्लिप नेतो. दुकानात रिझॉल्व्ह स्टुडिओ असलेलं मशीन असेल तर तिथेच लावून बघतो, नाहीतर घरी येऊन त्याच क्लिपवर रेंडर लावतो. किती वेळ लागला ते रविवारी इथेच लिहितो.