'फ्लड' म्हणजे नेहमी पूरच का?

परवा एक जुनं भाषांतर तपासताना वाक्य आलं. मूळ इंग्रजीत कार्यालय तक्रारींनी 'फ्लड' झालं होतं आणि मराठीत लिहिलं होतं, 'कार्यालयात तक्रारींचा पूर आला.' व्याकरणात चूक नाही, तरी मी तिथेच अडले. आमच्या घरात भिंतीवर कमरेच्या वर एक मातकट रेघ आहे, 2019 च्या ऑगस्टमधली. दोनदा रंग दिला, पण पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की ती पुन्हा दिसायला लागते. 'पूर' वाचलं की मला ती रेघ आठवते, अर्जांचा गठ्ठा नाही.

इंग्रजीतला 'फ्लड' हा 'फ्लो'च्या, म्हणजे वाहण्याच्या कुळातला. आपला 'पूर' भरण्याच्या कुळातला. पूर्ण, पुरा, पुरेसा, इतकंच काय पोळीतलं पुरणसुद्धा त्याच घरचं. म्हणून पूर यायला आधी भरणारं काहीतरी लागतं, नदी किंवा ओढा. इंग्रजीत मोरीतला नळ उघडा राहिला तरी स्वयंपाकघर 'फ्लड' होतं. आपण तिथे 'घरभर पाणी झालं' म्हणतो, फार तर 'तळं झालं'. उसाला सरीतून भरमसाट पाणी सोडतात त्यालाही इंग्रजीत 'फ्लड' लागतो, आपल्याकडे ते 'मोकाट पाणी'. दावं सोडलेल्या जनावरासारखं पाणी! हा शब्द मला फार आवडतो.

नदीच्या बाबतीतही कोल्हापुरात पहिल्याच दिवशी कुणी पूर म्हणत नाही. आधी 'पाणी वाढतंय', मग 'पंचगंगा पात्राबाहेर पडली', मग राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. चहाच्या गाड्यावर कुणी 'किती फुटावर हाय?' विचारलं, तर कशाबद्दल ते सांगावं लागत नाही. 2019 आणि 2021 ला हा आकडा 55 च्या वर गेला, तो महापूर. इतक्या पायऱ्या चढून आलेला शब्द तक्रारींना लावायचा का? तुम्ही काय लिहाल?

उत्तर:

ताई, मी शिरोळ तालुक्यातला. पुराचं पाणी आमच्याही दारात येतं, तरी माझं मत थोडं वेगळं आहे.

'फ्लड' नुसतं 'खूप झालं' एवढंच सांगतो. मराठी त्याच शब्दात बरं की वाईट हेही सांगून टाकते. अभिनंदनाचा वर्षाव होतो, टीकेचा भडिमार होतो. गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या की त्यांचं पेव फुटतं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, हे आता मुलांना सांगावं लागतं. लाचखोरीला ऊत येतो, तो दुधाचा. कहाणीत 'उतणार नाही, मातणार नाही' म्हणतात तोच. आनंदाला मात्र उधाण येतं, आपल्याकडे समुद्र नसला तरी. यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'फ्लड' बसवता येईल, पण उलट येताना सगळीकडे 'पूर' टाकला तर ही चव जाते. इथवर तुमच्याशी सहमत.

पण पूर हा फक्त संकटाचा शब्द असं मला वाटत नाही. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात स्नानाला लोक लांबून येतात. पाणी चढताना चढता दक्षिणद्वार, उतरताना उतरता. त्याच वेळी खालच्या गल्लीत जनावरं ट्रॉलीत चढवायची धावपळ चालू असते. दोन्ही माणसं एकाच पाण्याबद्दल बोलतात आणि दोघांच्याही तोंडी पूरच असतो.

आणि दूध विसरलात का? 1970 ला देशात 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं, त्याला मराठीत नाव पडलं 'दूध महापूर योजना'. आमचे वडील पहाटे डेअरीला दूध घालून यायचे. नदीचा महापूर त्यांनी पाहिलेला होता, तरी दुधाच्या महापुराला ते कधी भ्याले नाहीत.

प्रत्युत्तर:

काका, दूध महापूर खरंच लक्षात आला नव्हता. आणि तो बसतो का तेही तुमचं वाचून कळलं: किटली भरते, कॅन भरतो, टँकर भरतो. भरण्याचाच शब्द आहे तो. डोळे भरून येतात म्हणून आसवांचाही पूर चालतो. तक्रारींनी असं काही भरत नाही. त्या येत राहतात, वाहत राहतात.

म्हणून मला 'ओघ' जवळचा वाटतो, तो वाहण्यातलाच शब्द आहे. 2019 ला रस्ता मोकळा झाल्यावर गावोगावहून भाकरी, चादरी, औषधं घेऊन गाड्या आल्या, तेव्हा आमच्या गल्लीत सगळे 'मदतीचा ओघ' म्हणत होते. 'भडिमार' मी मुद्दाम टाळते. तक्रार करणारे हल्ला करायला आले नव्हते, त्यांना आपलं काम करून हवं होतं.

लिहिता लिहिता आणखी एक ध्यानात आलं. पुराचं येणं आपण फारसं दुसरीकडे नेत नाही, पण त्याचं जाणं सर्रास नेतो. गर्दी ओसरते, उत्साह ओसरतो, दुःखाचा भरही ओसरतो. वाक्य आता असं केलंय: 'सकाळपासून कार्यालयात तक्रारींचा ओघ सुरू होता, तो संध्याकाळी उशिरा ओसरला.'