मदत हवी आहे: ट्रकचा स्पार्क प्लग उडाला, हेडमधले आटे गेले

माळरान:
काल चढावर ट्रेलर ओढताना धाडकन आवाज झाला आणि इंजिन फटफटायला लागलं. बॉनेट उघडलं तर तीन नंबरचा प्लग, त्याला वीज देणाऱ्या कॉइलसकट, बाहेर. आटे गेलेत. गॅरेजवाला म्हणतो हेडच (इंजिनाचा वरचा भाग) बदला, आणि त्याने सांगितलेल्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल. हेड न उतरवता आटे परत करता येतात का? शनिवारी गाडी हवी आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लगेच सांगा.

डिझेलबाबा:
ट्रकला स्पार्क प्लग कसा असेल? डिझेल इंजिनात ग्लो प्लग असतो किंवा इंधन फवारणारा इंजेक्टर. इंजेक्टरच सुटला असेल तर खालचा तांब्याचा वॉशर बदलून क्लॅम्प नीट आवळा. गाडी ४०७ आहे का?

उद्यमनगरकर:
सीएनजीच्या ट्रकला प्लग असतो की. पण माळरान, तुम्ही गाडी सांगितली नाही, साल नाही, हेड बिडाचं की ॲल्युमिनियमचं तेही नाही. उडालेला प्लग हातात घेऊन बघा, त्याच्या आट्यांत पांढरा धातू अडकलाय का?

माळरान:
फोर्ड एफ-१५०, पेट्रोल. मी टेक्सासमध्ये आहे, इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात. हेड ॲल्युमिनियमचं. प्लगवर हेडचे आटे गुंडाळून आलेत. आता उपाय सांगा.

कॅरोलिनाकर:
अजून साल आणि इंजिन राहिलंच. ४.६ लिटरचं की ५.४? माहीत नसेल तर व्हिन नंबरमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) आठवं अक्षर बघा, ‘एल’ असेल तर ५.४. सिलिंडरला दोन व्हॉल्व्हचं इंजिन आहे की तीनचं, यावर तर सगळंच अवलंबून आहे. तीनवाल्यात प्लग काढताना तुटून आत अडकतो, तो वेगळा आजार.

माळरान:
आठवं अक्षर एल. २००१ ची गाडी. दोन व्हॉल्व्ह.

कॅरोलिनाकर:
मग ओळखीचं दुखणं आहे. त्या काळातल्या या हेडमध्ये प्लगला पकडायला जेमतेम चार-पाच आटे आहेत. प्लग थोडा जरी सैल झाला तरी दर ठिणगीला ठोका बसतो आणि एक दिवस आटे घेऊनच तो बाहेर येतो. हेड बदलायची गरज नाही. याच इंजिनासाठी बनवलेलं बुशचं किट मिळतं, टाइम-सर्ट किंवा लॉक-एन-स्टिच. रीमरने जुनं भोक मोठं करायचं, टॅपने नवे आटे पाडायचे आणि आतून-बाहेरून आटे असलेलं भरीव बुश बसवायचं. हेड जागेवरच राहतं.

ओम्नीप्रेमी:
एवढ्या महागड्या किटची गरज नाही. माझ्या ओम्नीला आमच्या मिस्त्रीने हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची स्प्रिंग) टाकलंय, अनेक वर्षं गाडी पळतेय. १४ मिलिमीटरचं हेलिकॉइल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आणि प्लग इरिडियमचे टाका.

उद्यमनगरकर:
ओम्नीचं हेड वेगळं हो. तिथे प्लगला लांबलचक आटे असतात, म्हणून स्प्रिंग टिकली. मी मॅनिफोल्डच्या स्टडला रोज हेलिकॉइल टाकतो, त्याला नावं ठेवत नाही. पण प्लगचा हिशेब करून बघा. जळताना आतला दाब ५० बार धरला तरी १४ मिलिमीटरच्या भोकावर जवळपास ७८ किलोचा जोर येतो. इंजिन २००० वर फिरत असेल तर मिनिटाला हजार वेळा. चार आट्यांच्या जागेत तारेची स्प्रिंग हे सोसणार नाही, पुढच्या वेळी प्लगबरोबर तीही बाहेर येईल. भरीव बुशच टाका.

ओम्नीप्रेमी:
माझं अजून सुटलेलं नाही, एवढंच मला ठाऊक.

जुगाडे_नाशिक:
एम-सील भरून त्यात प्लग आवळा. २४ तास वाळू द्या.

कॅरोलिनाकर:
जुगाडेसाहेब, कृपया असा सल्ला देऊ नका. शेजारीच पेट्रोलची नळी (रेल) आहे. पुन्हा प्लग उडाला आणि कॉइलची ठिणगी उघड्यावर पडली तर गाडी पेटेल. माळरान, तुम्हीही तोवर गाडी चालवू नका. जागची हलवायचीच असेल तर त्या सिलिंडरच्या कॉइलचं आणि इंजेक्टरचं, दोन्हींचे कनेक्टर काढा. नाहीतर कच्चं पेट्रोल बाहेर फेकलं जाईल.

माळरान:
दोन्ही काढले. दोन्ही किटमधलं कुठलं घेऊ? एकाचं बुश स्टीलचं, दुसऱ्याचं ॲल्युमिनियमचं.

भट्टी:
मी धातूशास्त्रातली आहे म्हणून लिहिते. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गरम हेडमध्ये स्टीलच्या बुशची पकड थोडी ढिली होते. ॲल्युमिनियमचं बुश हेडबरोबरच वाढतं आणि प्लगची उष्णताही चांगली पुढे नेतं. माझं मत ॲल्युमिनियमला.

उद्यमनगरकर:
ताई, सिद्धांत बरोबर आहे. पण स्टीलवाल्याचं बुश बसवताना हत्यार खालचे आटे आतून फुगवून हेडमध्ये दाबतं, ते तिथेच जाम होतं. शिवाय प्लग पुन्हापुन्हा काढघाल केल्यावर स्टीलचे आटे झिजत नाहीत. मी स्टील घेईन.

भट्टी:
वर्षानुवर्षांत एकदा निघणाऱ्या प्लगला झिजेची भीती कशाला?

कॅरोलिनाकर:
दोन्ही टिकतात. शनिवारच्या आत जे हातात पडेल ते घ्या. खरी कसोटी धातूचा कीस आत न पडू देण्याची आहे. रीमरच्या आणि टॅपच्या खाचा ग्रीसने भरा. दोनचार फेरे झाले की बाहेर काढा, पुसा, नवं ग्रीस भरा. इथे घाई केली तर सिलिंडरला चरे पडतात. शेवटी व्हॅक्यूमला बारीक नळी लावून आत फिरवा आणि कॅमेरा घालून बघा. मग कॉइल आणि इंजेक्टर न जोडता स्टार्टर मारून उरलेलं उडवा, तेव्हा तोंड भोकावर नेऊ नका. टॅप सरळ जातोय ना, तेही तपासत राहा. मागच्या बाजूला जागा अडचणीची आहे, तरी तीन नंबर चारपेक्षा बरा.

डिझेलबाबा:
म्हणूनच डिझेल बरं. महिंद्राची पिकअप घ्या, ही कटकटच नाही.

माळरान:
टेक्सासमध्ये कुठून आणू? प्लग आवळायचा किती? वॉशर बसल्यावर पाव फेरा ऐकलंय.

कॅरोलिनाकर:
पाव फेरा वॉशरच्या प्लगला. तुमच्या प्लगला वॉशर नाही, तिरकी बैठक आहे. टॉर्क पान्याने २० न्यूटन-मीटर, म्हणजे तिकडच्या मापात साधारण १५ फूट-पौंड. इंजिन थंड असताना. सुरुवात प्लगच्या शेंड्याला रबरी नळी लावून हाताने करा. आटे चुकीचे धरले तर नळी घसरते, प्लग पुढे जात नाही.

ओम्नीप्रेमी:
आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावायला विसरू नका.

उद्यमनगरकर:
लावलं तर टॉर्क कमी धरावा लागतो. आटे निसरडे होतात, पाना तोच आकडा दाखवतो आणि प्लग मात्र जास्त आवळला जातो. कोरडाच बसवा.

माळरान:
झालं. स्टीलचं किट शुक्रवारी मिळालं, बुश बसलं, कॅमेऱ्यात कीस दिसला नाही. कॉइलचा कान तुटला होता, ती नवी घातली. इंजिन गुळगुळीत चालतंय. कॅरोलिनाकर, ग्रीसचं काम तुम्ही सांगितलं त्याहून किचकट आहे. टॅपचा प्रत्येक फेरा मी जीव मुठीत धरून मारला. भट्टीताई, ॲल्युमिनियमचं वेळेत मिळत नव्हतं. आता बाकीच्या सात प्लगांचं काय?

कॅरोलिनाकर:
मस्त! बाकीचे सात थंड इंजिनवर टॉर्क पान्याने तपासा. जो २० च्या आधीच फिरेल तो सैल होता. जो फिरतच राहील त्याचेही आटे गेलेत, त्यासाठी किट जपून ठेवा. दुरुस्त केलेला मात्र ट्रेलर ओढून आल्यावर एकदा नक्की बघा.

सह्याद्री_जिप्सी:
माझ्या जिप्सीचाही एक प्लग नुसताच फिरतोय. हेच किट चालेल का?

उद्यमनगरकर:
नाही. प्लगच्या आट्यांची लांबी मोजा, बैठक वॉशरची की तिरकी ते बघा आणि वेगळा धागा काढा. आणि कृपया पहिल्याच पोस्टमध्ये गाडी, साल, इंजिन लिहा.