मदत हवी आहे: वाद झाला की नवरा एकदम गप्प होतो, विषय पुढे कसा न्यायचा?

नमस्कार मंडळी, जरा मोकळेपणाने विचारतेय. आमच्यात आरडाओरडा फारसा होत नाही पण विषय निघाला, पैशांचा असो नाहीतर सासरच्यांचा, की हा एकदम बंदच होतो, हो नाही काहीच नाही, मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत, आणि मग दोन दिवस फक्त कामापुरतं बोलणं. मला तेव्हाच्या तेव्हा बोलून मोकळं व्हायचं असतं आणि त्याला तेव्हा बोलणं झेपतच नाही, हे मला आता कळतंय.

जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं वाचलं की अशा वेळी माणसाचे ठोके वाढलेले असतात, डोकं चालत नाही, म्हणून निदान 20 मिनिटं ब्रेक घ्यावा आणि ठरवून परत बोलायला बसावं. पटलं मला. पण ब्रेकनंतर तो परत येतच नाही हो, विषय तसाच राहतो, खरी अडचण तिथेच आहे.

'तू नेहमी असंच करतोस' ऐवजी 'मला एकटं वाटतं' असं म्हणून पाहिलं, थोडा फरक पडला. कोणाचा जोडीदार असा असेल तर परत बोलायची वेळ कशी ठरवता, त्याच्यावर प्रेशर न येता? लिहून बोलणं कोणाला जमलंय का? काउन्सेलरकडे जायचा विषय त्याच्याजवळ कसा काढू? प्लीज सांगा.